नदी म्हणून वाजवलेली बायको

माझ्या एकल चेलोच्या एका रचनेचं नाव 'ज्ञानगंगा' आहे. पुण्यामुंबईत वाजवण्याआधी मी सांगत आलो, की ही आमच्या बुलढाण्याकडची नदी. आधी खळखळते, मग संथ होते. जाणकार माना डोलवतात. थाप आहे ती. त्या रचनेत पाण्याचा थेंब नाही. ती माझी बायको आहे.

हे सांगायला वीस वर्षं लागली. एक तर आमच्याकडे माझ्या वयाचा माणूस चारचौघांत बायकोला 'घरचे' म्हणतो. त्या घरच्यांवर संगीत रचलं म्हटलं, तर गल्ली महिनाभर हसेल. दुसरं कारण हसण्यासारखं नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिला पुण्याला नेलं, ज्यांच्याकडे चेलो शिकलो त्या गुरुजींच्या घरी. रिक्षातून उतरताना म्हणालो, "तिथं जरा कमी बोल. आपली बोली त्यांना कळत नाही." कळत होती. मलाच लाज वाटत होती. ती "बरं" म्हणाली आणि तीन तास नुसती हसत बसली. निघताना सगळे म्हणाले, "किती शांत आहेत हो तुमच्या मिसेस!" मला चक्क अभिमान वाटला.

परतीच्या एसटीतही ती गप्पच. चिखलीच्या स्टँडवर खिडकीशी पेरूवाला आला, तेव्हा तोंड उघडलं.

"काऊन हो भाऊ, लिंबाएवढाले पेरू अन् भाव आभायाएवढा?"

"गोड हाय, ताई."

"कोन म्हनते? तुमीच ना?"

मग ती थांबली. नुसती बघत राहिली. त्यानं निमूट दोन पेरू जास्त टाकले.

मी मात्र सूर ऐकत होतो. 'काऊन' खर्जाच्या तारेवर, तिथून 'आभाया'पर्यंत सरळ मींड, 'तुमीच ना'चे तीन तुटक गज आणि ती जीवघेणी शांतता. घरी येताच चेलो काढला. बायकोची माफी मागायची सोडून तिची चाल बांधत बसलो. पेरूही खाल्ले.

यंदा चैत्रात आमच्या गच्चीवर शेजारच्या तिघीजणी कुरडया घालायला आल्या. बायको होतीच. गच्चीलगतच्या खोलीत मी खिडकी लावून रियाज करत होतो.

"भाऊजी, उघडा न खिडकी! आमालेबी ऐकू द्या, हात तरी चालतीन."

उघडली. वाजवू लागलो. दोन मिनिटांत देऊळघाटच्या वहिनींच्या हातातला सोऱ्या थांबला. "थांबा वं! हे तं आपली ताई हाय! भाजीवाल्यासंगं भांडून राह्यली!"

"हाव वं! आता गप बसते पाह्य, अन् तो भाव पाडते."

नेमकी तिथंच शांतता आली. तिघी अशा हसल्या, की एक कुरडई खाली अंथरलेल्या साडीच्या कडेपर्यंत लांबत गेली. मोठमोठ्या जाणकारांना जे वीस वर्षांत उमगलं नाही, ते यांनी चीक दाबता दाबता ओळखलं.

बायको हसली नाही. हाताला चीक तसाच, खिडकीशी आली. "पुन्यात तं हे नदी होती ना?"

मग सांगितलं. त्या तिघींसमोर, सगळं. रिक्षा, लाज, तो अभिमान. "चुकलो मी," म्हणालो.

"लाजेचं मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "नदीचं मात्र खरं वाटलं. वीस वर्षं त्या नदीवर जळली मी. म्हटलं, हे मानूस त्या पान्यात एवढं पाह्यते तरी काय!"

मी चेलो बाजूला ठेवू लागलो.

"अन् वाजवता तेबी चूक हाय. मी इतकी हळू नाही बोलत. आनखी एकदा वाजवा."

वाजवलं. "आभाय अजून वर न्या. तिथं दम नाही घेत मी."

"घेते वं!" मागून एकजण.

"तू कुरडया घाल."

लय वाढवता वाढवता माझा गज दोनदा घसरला. शेवटी तिनं मान हलवली. "पुढच्या महिन्यात पुन्याले कार्यक्रम हाय ना? मी येईन. आधी तुमी सांगजा, हे कोन हाय ते. मंग मी बोलीन."

"काय बोलशील?"

"ते तिथं पाहू." आणि चीक थंड होतो म्हणून ती वळली.

आयोजकांना कळवलं आहे, की सुरुवातीला दहा मिनिटं जास्त लागतील. ती म्हणते, वीस सांगा.