बियाला राखलेली टमाटी

पलूसजवळच्या त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. त्यामुळं चौकात कोणी 'फौजी' म्हणून हाक मारली तर डझनभर माणसं मागं वळून बघतील. पण 'लंगरवालं फौजी' म्हटलं की ओ देणार तो एकटा दादासो. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यानं बंदुकीपेक्षा झारा जास्त हातात धरला. बर्फात चूल पेटवली, वाळवंटात पुऱ्या तळल्या, आणि साहेब लोकांच्या पार्ट्यांना कोळशावर कोंबड्या भाजल्या. त्याच्या हातचं खाऊन नावं ठेवली असा माईचा लाल पलटणीत सापडायचा नाही. गेल्या दिवाळीनंतर पेन्शन घेऊन तो घरी आला आणि तिथं मात्र गड्याचं गणित फसलं.

गणित फसलं म्हणजे घरात भांडण होतं असं नव्हे. भांडण अजिबात होत नव्हतं, हाच तर घोर होता. मंगल, त्याची बायको, त्याला एका शब्दानं दुखवायची नाही. सकाळी हौसेनं त्यानं चहा करावा, त्यात साखर दुप्पट पडावी, तरी मंगल कप रिकामा करून म्हणायची, "झ्याक झालाय." शेतात पाणी धरताना त्यानं भलताच वाफा फोडला तरी, "असू द्या, असू द्या." उभ्या जन्मात वर्षातनं एकदा रजेवर यायचा माणूस. चार दिवसांसाठी कशाला तोंड वाजवायचं, म्हणून तिनं गोड बोलायची सवय लावून घेतली ती कायमचीच. आता तुम्ही म्हणाल, बायको भांडत नाही म्हणून कोणी झुरतं का? दादासो झुरत होता. शेजारणीशी, दूधवाल्याशी, म्हशीशीसुद्धा मंगल कडाकडा भांडायची. एवढ्या मोठ्या घरात गोड बोलणं फक्त त्याच्या वाट्याला आलेलं. आपल्याच घरात आपण पाव्हणे आहोत, हे त्याच्या काळजाला टोचत होतं.

अशात अधिक महिना आला. मायाचं, लेकीचं, लग्न गेल्याच वर्षी झालेलं, म्हणजे जावयाचा हा पहिला धोंडा. शिवतेज पुण्यात नोकरीला, गुणाचा पोरगा. एक दिवस पुरणाच्या धोंड्याचं गोडाचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचं, असं ठरलं. पण मंगलच्या मनात एक सल होता. दिवाळीला शिवतेजनं पिशवीतनं कसल्याशा सॉसची बाटली काढून कोंबडीच्या तंगडीवर ओतली होती. आपल्या हातच्या जेवणावर जावयानं परकी बाटली उपडी करावी, हे तिला फार लागलं होतं.

"बारबेक्यू सॉस म्हणत्यात त्याला," दादासो म्हणाला. "टमाटं, काकवी, लसूण, मिरची आन् शिरका, म्हंजी व्हिनेगर. मेसमधी पातेली भरून केलाय मी. औंदा घरचा करतो."

"करा की," मंगल म्हणाली. "तुमाला बरं वाटंल तसं."

पलटणीत टोमॅटो डब्यातनं यायचा, झाकण फोडलं की काम झालं. इथं मुळातच अडलं, कुठला टोमॅटो घ्यायचा? पहिल्यांदा त्यानं दुकानातनं केचपच्या बाटल्या आणल्या, त्यात काकवी घालून सॉस आटवला आणि वाटी मंगलपुढं धरली. मंगलनं बोट चाटलं, म्हणाली, "लय झ्याक झालंय." दुसऱ्यांदा बाजारातनं हायब्रीड टोमॅटो आणले, लालभडक, टणक, भिंतीवर मारला तर परत हातात येईल असे. मंगल म्हणाली, "ह्यो बी झ्याक." आता आली का पंचाईत? दोन्हीची चव दादासोच्या स्वतःच्या जिभेला काही पटत नव्हती, पण कुठं चुकतंय ते दुसऱ्या जिभेनं सांगायला नको का? स्वैपाक्याला खरं बोलणारं तोंड लागतं, नाहीतर तो आंधळाच.

शेवटी परड्यापलीकडच्या साळूबाईनं, त्याच्या चुलतीनं, भांडं फोडलं. "दादू, तुझी ती वाटी मंगलनं कोंबड्यांना घातली रं. एक कोंबडी तोंड लावंल तर शपथ."

दादासो हिरमुसला. पण हार मानायचा तो फौजी कसला. परसात मोरीच्या पाण्यावर मंगलची गावरान टोमॅटोची झाडं होती. चपटी, फाटक्या तोंडाची, पातळ सालीची फळं, पण एक फोडलं की वासानं तोंडाला पाणी सुटावं. तिखटाच्या दिवशी उजाडता उजाडता दादासो परसात गेला आणि पाटी भरभरून झाडं मोकळी केली. तीन-चार जाड फळांच्या देठाला लाल चिंधी बांधलेली दिसली. पाखरांना भ्या घालायला बांधली असेल, असं समजून त्यानं चिंध्या सोडल्या आणि तीही पाटीत टाकली. परत येऊन सुरीला धार लावत बसला.

मंगल दुधाची किटली घेऊन आली. तिनं पाटी बघितली, मग झाडं बघितली, मग दादासोकडं बघितलं, आणि किटली दाणकन खाली ठेवली.

"ती बियाची व्हती," ती म्हणाली. "चिंधी दिसली न्हाई व्हय तुमाला? आत्याबाईंच्या हातचं बी हाय त्ये. त्या गेल्यापास्नं दर साली राखत आल्ये मी, आन् तुमी एका सकाळात झाडं बोडकी केलीसा? एक फळ तरी सोडायचं."

दादासोच्या हातातली सुरी हातातच राहिली. आईच्या बियाची ती झाडं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो काही बोलणार तोवर मंगलच्या तोंडाचा पट्टा सुटला होता.

"आन् आता सुटलंच हाय तोंड तर ऐका. त्यो बाटलीतला म्हंजी नुसता पाक व्हता, वर आनि काकवी वतलीसा. बाजारच्या टमाट्याला रंग तेवढा, चवीच्या नावानं बोंब. वाफा फोडलासा तवा निम्मी मिरची कुजली. आन् सकाळचा तुमचा च्या, देवा, त्यो पिऊन माझं दात किडायची येळ आली."

आवाज ऐकून माया आणि शिवतेज दारात आले आणि तिथंच थबकले. जावयासमोर हा तमाशा, म्हणून मायाचा चेहरा पडला. दादासोचा मात्र फुलत चालला होता.

"मग आदी का न्हाई सांगितलंस?" त्यानं विचारलं.

मंगलचा आवाज एकदम खाली आला. "कसं सांगू? अजून रजेवर आल्यागत वाटतासा तुमी. बोलले तर उद्या ट्रंक उचलून निगून जाशीला, असं वाटतंय मला."

"आता कुठं जातोय गं मी," दादासो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवावंसंही वाटलं नाही. "मला जायाला दुसरी जागाच न्हाई."

मंगलनं पदरानं नाक पुसलं आणि पाटी स्वतःकडं ओढली. "न भाजता कच्चीच फोडून बी काडलं तर वाचंल अजून. राख आणा चुलीतली, गार बघून." मग ती चिंधीची फळं हुडकून दाबत बसली, बी राखेत चोळू लागली आणि गर दादासोच्या पातेल्यात टाकू लागली. "बाकीची इस्तवावर भाजा आदी. गावरान हाय, पाणी लय. नुसतं उकळत बसलासा तर सांज हुईल."

दादासोनं टोमॅटो निखाऱ्यांवर लोळवले. साली करपल्या, पाणी जळालं, परसभर धूर दाटला आणि साळूबाई वास घेत कुंपणापर्यंत आली. सोललेला गर आटला तसा तांबूस काळा झाला. काकवी किती घालायची यावरनं दोघांची परत जुंपली. शिरक्यावरनं तिसऱ्यांदा जुंपली. मध्ये पडावं की नाही, हे शिवतेजला काही कळेना. पडू नको, असं मायानं त्याला डोळ्यांनी खुणावलं.

दुपारी पंगत बसली. कोळशावरची कोंबडी, त्यावर तो सॉस. शिवतेजनं पहिला घास घेतला आणि बोलायचंच विसरला, दुसरी तंगडी मात्र न विसरता उचलली. "मामा, असला पुण्यात मिळत नाही," तो म्हणाला. दादासोनं मान हलवली, पण त्याचं लक्ष मंगलकडं. आज तीही सगळ्यांबरोबर पानावर बसली होती. तिनं घास चावला, गिळला, थोडा विचार केला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

माया घास हातात धरून बापाकडं बघायला लागली. दादासोच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "पाव्हणं, ऐकलंसा न्हवं?" तो शिवतेजला म्हणाला. "मीठ कमी हाय म्हणती." आणि मीठ आणायला पानावरनं उठला.

"उठलाच हायसा तर येताना दोन कांदं बी चिरून आणा," मंगल म्हणाली आणि दुसरा घास घेतला.