शून्य फेऱ्यांची टेस्ट

बेळगावच्या आमच्या ऑफिसात टीमलीडना सगळे अण्णा म्हणत. स्वतःच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालली की ती जगात सगळीकडं चालते, ही त्यांची पक्की समजूत. आमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांकडं युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तीन तऱ्हांवर चालायचं, त्यातली एक तर फारच जुनी, तसल्याच जुन्या मशीनवरची. पण अण्णांचं पालुपद ठरलेलं, "माझ्याकडं चालतंय की."

मी प्रोबेशनवर होते. रविवारी निपाणीला गेले की आई विड्या वळता वळता विचारायची, "कायम केलं का गं तुला?" आमच्या घरात कायमची नोकरी कुणालाच लागली नव्हती.

ते सॉफ्टवेअर तपासायची अण्णांची एक टेस्ट होती. फाइल चाळीस वेळा लिहायची, चाळीस वेळा वाचून ताडायची. जुन्या मशीनवर ती सुरू करताच 'पास' व्हायची. एवढ्या म्हाताऱ्या मशीनला ही चपळाई कुठली, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नव्हता. मी त्या टेस्टची स्क्रिप्ट उघडली. एक ते चाळीस आकडे देणारी जी कमांड अण्णांनी वापरली होती, ती त्या मशीनवर नव्हतीच. आकडे नाहीत म्हणून फेऱ्या नाहीत, फेऱ्या नाहीत म्हणून चूक नाही, आणि चूक नाही म्हणून पास. वर मशीननं तक्रार करू नये म्हणून एरर मेसेजही गप्प करून ठेवलेले. काय डोकं म्हणायचं!

मी तीच टेस्ट शेलच्या, म्हणजे प्रत्येक युनिक्सवर असतातच अशा, साध्या कमांडमध्ये नव्यानं लिहिली, कुठंही चालेल अशी. जुन्या मशीनवर सतराव्या फेरीला फाइल अर्धीच लिहिली गेली. गिऱ्हाइकाच्या फायलींचंही तेच होणार होतं.

स्क्रीनवर पासचं हिरवं जाऊन फेलचं लाल आलं होतं. अण्णांनी नीट बघितलंसुद्धा नाही.

"तू यायच्या आधी सगळं हिरवं होतं. आता लाल कसं झालं?"

"अण्णा, आधी टेस्ट होतच न्हवती."

"उद्या तुझ्या कन्फर्मेशनवर सही करायची हाय मला. ती टेस्ट काढ आणि जुनी परत घाल."

असल्या माणसाच्या हाताखाली काम करायचं याची किळस आली. मनातल्या मनात त्यांना गाढव म्हणाले, लई वेळा म्हणाले. आणि टेस्ट काढली.

सही झाली. रविवारी पत्र घेऊन घरी गेले. आईनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि पत्र उलटंपालटं करून बघितलं.

"काम चांगलं केलंस म्हणून दिलं न्हवं?"

मी व्हय म्हणाले.