ओल्गर्ट्सचं अर्धं वाक्य

…तर ओल्गर्ट्स फुलं घेऊन झेल्माबाईंच्या दारात उभा राहिला, इथवर आपण काल आलो होतो.

झेल्माबाई म्हणजे बाहेरून आलेल्यांना लात्वियन शिकवणारी आमची कडक मास्तरीण. "आधी करणारा, मग करणं, मग वस्तू! 'आजी भाजते पाव.' यात अवघड काय?" असं फळ्यावर खडू आपटून विचारायची. बरोबरच होतं तिचं. फक्त गावात तसं कुणी बोलत नव्हतं, एवढंच. आमच्या भाषेत शब्द मेंढरांसारखे हवे तिथे चरतात. ठाऊक असलेलं आधी येतं, नवं सगळ्यात मागून. ओल्गर्ट्स तर नवं इतकं मागे ठेवायचा, की ते येईपर्यंत ऐकणारा घरी जाऊन जेवलेला असायचा.

त्या दिवशी मात्र झेल्माबाईला त्याच्या वाक्याचा शेवट हवाच होता. या विधुर शेजाऱ्याला त्याचा मुलगा रविवारी येल्गावा शहरात कायमचा घेऊन जाणार, ही बातमी गावभर झाली होती. तो गेला, की कुंपणापलीकडून बोलायला उरणार कोण? कोंबड्या!

एकट्या बाईकडे उगाच गेलं तर गाव जीभ चालवतं. म्हणून ओल्गर्ट्सने तिचा नामदिवस, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाला नेमलेला सणाचा दिवस, गाठला. त्या दिवशी बोलावणं लागत नाही. ते साऱ्या गावालाच लागत नाही, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. खोलीत बसायला खुर्ची उरली नव्हती.

त्याने घसा खाकरला. "माझं घर… पानगळीच्या आत…"

"विकताय!" तोंडात केक असतानाच शेजारची आउस्ट्रा ओरडली.

"नाही हो. झेल्माबाईंच्या अंगणात… या हिवाळ्यात…"

"लाकडं रचायचीत! दुसरं काय असणार?"

सगळे खो खो हसले. झेल्माबाईच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

"आउस्ट्रे, तो केक गिळ आणि गप्प बस. ओल्गर्ट्स, शिकवते तसं बोला. आधी करणारा."

ओल्गर्ट्सने फुलं दुसऱ्या हातात घेतली. "मी…"

"मग करणं."

"मी करतो… लग्न… तुमच्याशी."

आउस्ट्राला एकदाचा ठसका लागला.

झेल्माबाईने बशीतली कॉफी शांतपणे कपात ओतली आणि म्हणाली, "मुलाला आत्ताच कळवा, रविवारी गाडी आणायची तसदी घेऊ नको म्हणावं."