सात वाजून दहा मिनिटांनी ऐकू आलेला हॉर्न

आधीच सांगते, अशा धाग्यांवर मी आजवर फक्त भांडायला आलेय. कुणाच्या आत्याला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोण येऊन बसलं… खाली माझी एकच कमेंट असायची, "पुरावा द्या." इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय, कोल्हापुरात वाढलेय, आवाज आणि सिग्नल हेच माझं काम. आज माझ्याकडे पुरावा आहे आणि तो कुणालाच नकोय! म्हणून लिहितेय. रागात लिहितेय, सांभाळून घ्या.

मी एका छोट्या कंपनीत होते. दुधाच्या टेम्पोवर ट्रॅकर बसवायचा आणि "गाडी इतक्या मिनिटांत येईल" हे गावच्या दूध संकलन केंद्राला मोबाईलवर दाखवायचं, हे आमचं काम. गगनबावड्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत एक गाव आहे. तिथून सारख्या तक्रारी, की वेळ चुकते. वरच्या वाड्यांतलं दूध भरून टेम्पो नाक्यावर येतो, आणि तिथून गावाकडं उतरायला लागला की डोंगराआड रेंज जाते. तेव्हा आमचं ॲप अंदाजपंचे आकडा दाखवायचं. मी डिसेंबरात चार दिवस तिथं मुक्काम टाकला.

पहिल्याच सकाळी केंद्राचे सचिव बाजीराव आण्णा हसले. "मॅडम, ॲप बघतंय कोण हितं? आमचं मशीन त्ये बसलंय बघा कट्ट्यावर."

ते म्हणजे दस्तगीरचाचा. सत्तरीचे. पूर्वी पत्र्याची कामं करायचे, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून रोज सकाळी केंद्राच्या कट्ट्यावर. मान जरा तिरकी करून म्हणायचे, "पयल्या वळणाला हाय. नऊ मिनटं." आणि नवव्या मिनिटाला टेम्पो दारात! तीन दिवस मी घड्याळ लावून बघितलं. चाचा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चुकले नाहीत. आमचं ॲप पाच-सहा मिनिटांनी चुकायचं.

यात अमानवीय काहीच नव्हतं, हे ठासून सांगते. वळणावर ड्रायव्हर गिअर बदलतो, हॉर्न देतो, तो आवाज दरीतून खाली येतो, आणि चाचांचा कान तयार झालेला. मला तर आनंदच झाला. कट्ट्याच्या खांबाला चांगला माईक बांधला आणि रेकॉर्डर लावला. माणसाच्या कानाला जे कळतं ते यंत्राला शिकवता येईल का, एवढंच बघायचं होतं.

चौथी सकाळ. धुकं होतं, वारा अजिबात नव्हता. सात वाजून दहा मिनिटांनी चाचांनी हातातला चहा खाली ठेवला आणि उभेच राहिले.

"आण्णा… गाडी गेली."

"गेली म्हंजे?"

"पडली की! दुसऱ्या वळणाला. हॉर्न दाबून ऱ्हायलाय, ऐकू येईना व्हय तुमास्नी?"

कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी मोबाईल बघितला. टेम्पो नाक्यावर उभा, यायला अजून अठरा मिनिटं. मी म्हटलं, "चाचा, गाडी नाक्यावर उभी आहे. चहाला थांबलाय तो."

चाचा माझ्यावर असे भडकले की बस. "तुजी डबी म्हणती हुबी हाय, मी म्हणतोय पडलीया! डायवर पोरगं हाय आत! आण्णा, जीप काढा!"

मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण नाक्यावरची खूण आधीची असेल, मध्ये रेंज गेली असेल, अशीही शंका आली. आण्णांनी शंकाबिंका काही घेतली नाही, सरळ जीप काढली. मी पळत जाऊन बसले. रेकॉर्डर तसाच चालू राहिला.

धुक्यात, चढावर जीपला दुसऱ्या वळणापर्यंत पोचायला बारा-तेरा मिनिटं लागली. जीप वळली आणि आमच्या समोरून दुधाची एक किटली रस्त्यावरून गडगडत खाली आली. हो, गडगडत. पुढं टेम्पो आडवा पडलेला, वरचं चाक अजून फिरतंय, हॉर्न एकसारखा वाजतोय. संजय, म्हणजे ड्रायव्हर, स्टिअरिंगखाली अडकलेला, मांडी फाटलेली. आण्णांनी गळ्यातला मफलर आवळून बांधला, आम्ही त्याला ओढून काढला, जीपमध्ये घातला आणि तसेच कोल्हापूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास तिथं पडला असता तर काही खरं नव्हतं.

तेरा मिनिटांपूर्वी पडलेल्या गाडीचं चाक फिरत कसं होतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर सुचलं.

संध्याकाळी ट्रॅकरची मेमरी उघडली. रेंज नसली तरी यंत्र आतल्या आत नोंद ठेवतं, आणि त्याची वेळ उपग्रहावरून येते. टेम्पो नाक्यावरून हलला सात चौदाला. आडवा झाला सात तेवीसला. संजय शुद्धीवर आल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "नाक्यावर बायकोला फोन लावलता की." तिच्या मोबाईलवर कॉल सापडला, सात अकराचा. म्हणजे चाचांनी हॉर्न ऐकला तेव्हा संजय चहा पीत उभा होता. गाडी बंद होती. ॲप बरोबर होतं. आणि चाचाही बरोबर होते.

मग रेकॉर्डिंग. सात दहाला चाचांचा आवाज स्पष्ट आहे. त्याच्या आधी काही नाही. मी फिल्टर लावले, आवाज शंभर पट वाढवला, आलेख काढले… पक्षी, किटल्या, कुणाचं तरी खोकणं. हॉर्न नाही. हॉर्न सापडला सात तेवीसला, अगदी बारीक, एकसारखा. त्यावर कुणीतरी ओरडतं, "आवाज आला, हॉर्न वाजतोय!" आणि चाचा म्हणतात, "आत्ता व्हय? मगापासनं वाजतोय की."

ही फाईल मी साहेबांना दिली. त्यांनी अहवालात काय लिहिलं? "रेकॉर्डरच्या घड्याळात दोष." दोष नव्हता, मी तीनदा तपासलं होतं! वर महिन्याभरात कंपनीची जाहिरात आली: 'आमच्या ॲपच्या सूचनेमुळे चालकाचे प्राण वाचले.' कुठली सूचना? मी भांडले. साहेब म्हणाले, "मग काय छापायचं मॅडम, म्हातार्‍यानं अपघात आधीच ऐकला म्हणून?" मी म्हटलं, जे झालं ते छापा. अहवालावर सही केली नाही, नोकरी सोडली. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी शहाणपणा करून ते रेकॉर्डिंग चाचांना ऐकवलं, वेळा सांगितल्या. वाटलं, त्यांना निदान खरं कळायला हवं. चाचांनी दोनदा ऐकलं, आणि मग म्हणाले, "ह्ये मला कशाला सांगितलंस गं पोरी?"

परवा आण्णांचा फोन आला होता. चाचा आता कट्ट्यावर येत नाहीत. दुधाची गाडी यायची वेळ झाली की घरात रेडिओ मोठ्यानं लावून बसतात. आण्णांनी विचारलं तर म्हणाले, "आवाज येतोय खरा. पण त्यो झालेला हाय का हुयाचा हाय, ह्ये मला आता कळंना झालंय."

मलाही कळत नाही. फाईल माझ्याकडे आहे, आलेख आहेत, तिन्ही घड्याळं जुळतात. कुणाला खुलासा सुचला तर जरूर लिहा… फक्त घड्याळ चुकलं म्हणू नका.