दारावरचा टॉवेल

राजापेठेतल्या आमच्या घरात आतून कडी लागेल असं दार एकच होतं, बाथरूमचं. बाकीची दारं नुसती लोटायची. बैठकीचं दार तर दिवसभर सताड उघडं, कारण माझे वडील चळवळीतले, आणि चळवळीतल्या माणसाच्या घरी लोक विचारून येत नाहीत. बैठकीत पत्रकांचे गठ्ठे, बॅनरच्या काठ्या, चहाचे उष्टे कप आणि या सगळ्याच्या मधोमध एक दिवाण. त्या दिवाणावर माझी आत्या झोपायची. ती वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, चांदूर बाजार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या बैठकीत राहायला आली. मला वाचायला तिनेच शिकवलं. पाठ्यपुस्तक शाळेतून मिळेपर्यंत मी पत्रकं वाचत होते. ‘बंधू आणि भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य.

आत्या बाथरूममध्ये गेली की लवकर बाहेर येत नसे. पाण्याचा आवाज थांबलेला असायचा, तरी ती आतच. आई हाक मारायची, “ताई, सभा भरोली का अंदर?”

“अध्यक्ष यायचे हायेत अजून,” आतून उत्तर यायचं.

आम्ही हसायचो. ती आत काय करत असेल हे कुणाच्या मनातही येत नसे.

मागच्या उन्हाळ्यात ती तिथेच घसरून पडली. कडी आतून लावलेली. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी सब्बल घालून दार तोडलं. मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. सुताराने नवं दार बसवलं तेव्हा वडील म्हणाले, “कडी लाऊ नोको.” बरोबरच होतं त्यांचं. पण आमच्या घरात शिपायाच्या बदलीवरही चर्चा होते, ठराव होतात, आणि या कडीबद्दल आत्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर बाथरूमही घरातल्या बाकी जागांसारखं झालं. ती आत असताना आई बादली घ्यायला जायची, मी ब्रश घ्यायला. “डोळे मिटले हायेत वं माये,” असं म्हणत आम्ही जायचो. आत्या दाराकडे पाठ करून आंघोळ करू लागली.

दिवाळीनंतर एकदा जेवताना ती म्हणाली, “मले अकोल्याची थे जागा पाह्याची हाय.”

ती जागा म्हणजे अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा ज्येष्ठांचा निवास. स्वतंत्र खोल्या, दोन वेळचं जेवण, नर्स, हाताशी घंटी. तिच्याबरोबर शिकवणारी एक बाई तिथे राहून आली होती. वडिलांचा घास हातातच राहिला. मी मात्र पेटले. कॉलेजात असताना मी अशाच जागांविरुद्ध एक पत्रक काढलं होतं, ‘म्हातारपणाची दुकाने बंद करा’. त्यातल्या चुका आत्यानेच लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या.

“तूच तर तपासलं होतं ते!” मी म्हणाले.

“ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं. मत नव्हतं तपासलं.”

“आत्या, ज्याच्याजवळ पेन्शन त्यालाच तिथे जागा. बाकीच्यांनी कुठे जायचं?”

“थे पत्रकात लिही. आंधी खोली तं पाह्य.”

मी तिच्यासोबत गेले ती दोष शोधायलाच. मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा तिने खाली उतरून चहा प्यायला. काठीवरची बाई एकटी उतरते म्हणून कंडक्टर ओरडला, तर ती त्याला म्हणाली, “तुह्या गाडीपेक्षा मी बरी हाय, घंटी वाजल्यावर निघते तरी.” बसमधले लोक हसले. खिडकीबाहेर तुरी उभ्या होत्या, कपाशीची पहिली वेचणी चालली होती. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात मुद्दे मांडत होते.

तिथे पोचल्यावर मुद्दे आयते मिळाले. फाटकाबाहेर जायचं तर चिठ्ठी लागे. हॉलमध्ये टीव्ही अखंड चालू, बघणारं कुणी नाही. भाजीत तिखट नावालाही नाही. मॅनेजर तिशीतला, नम्र, सगळ्यांना ‘आजी’ म्हणणारा.

“आजी, ही तुमची खोली.”

“मी कोनाची आजी?” आत्या म्हणाली. “लगन नाही केलं मी. बाई म्हन. निदान शंभर गावात मले बाईच म्हनतात.”

तो ओशाळला. पुढे त्याने खरंच बाई म्हणायला सुरुवात केली, हे नमूद करायला हवं.

चांगल्या गोष्टीही दिसत होत्या, आणि त्या दिसत होत्या याचाच मला राग येत होता. भिंतीला धरायला दांडे होते. फरशी खरखरीत होती. कुठेही उंबरा नव्हता. खिडकीतून काळं रान दिसत होतं आणि खिडकीशी एक खुर्ची होती, एकच. आत्या त्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग तिने दार लोटून पाहिलं. आतून कडी नव्हती. बाथरूमच्या दारालाही नव्हती.

“सुरक्षेसाठी,” मॅनेजर म्हणाला. “आत कुणी पडलं तर दार तोडावं लागतं, बाई.”

“माहीत हाय,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला. मला, लाज वाटते सांगायला, थोडा आनंद झाला. म्हटलं, चला, झालं. परत जाऊ.

तरी आठवडाभर राहून बघायचं ठरलं होतं, म्हणून ती राहिली आणि मी परत आले. त्या आठवड्यात मला घरी बसवेना. दिवाण रिकामा होता, आणि त्यावर दुसऱ्याच दिवशी पत्रकांचे गठ्ठे चढले. मी एका कागदावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला तिथले गुण, दुसऱ्या बाजूला अवगुण. अवगुणांची बाजू सरसर भरली. तिथे भांडी घासणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाया आसपासच्या वस्त्यांमधल्या. त्यांच्या स्वतःच्या सासवा, आया दिवसभर कुणाच्या भरवशावर असतात? पगारी प्रेम म्हणजे काय? घराने जबाबदारी झटकायची आणि बाजाराने ती उचलायची, हा कुठला न्याय? लिहीत गेले. मग वाटलं, यातलं आत्याबद्दल काहीच नाही. कागद फाडला, दुसरा घेतला, तोही तसाच भरला.

आठवडा संपल्यावर तिला आणायला गेले तेव्हा दुपार होती. तिच्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, एक टॉवेल टाकलेला. मी दार ढकलणार इतक्यात मागून आवाज आला.

“ए पोरी! टॉवेल दिसत नाही का?”

शेजारच्या खोलीतली बाई होती. पातूरकडच्या शेतकरी घरातली, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, पायात मुलांचे असावेत तसे बूट. संध्याकाळच्या आरतीला आत्या जात नसे, बाहेरच्या बाकावर बसून राही. ही बाई दुसऱ्या दिवसापासून आरती अर्धी सोडून त्या बाकावर येऊन बसायला लागली होती. देवाचं अर्धं, मैत्रिणीचं अर्धं, असं तिनेच मला सांगितलं.

“आवाज दे,” ती म्हणाली. “आतून ‘हाव’ आलं का समजाचं जित्ती हाय. मंग बसाचं गुमान.”

मी हाक मारली. आतून होकारार्थी “हाव” आलं. दार काही उघडलं नाही. मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि विचारलं, हा नियम कुणाचा?

“आमचाच. तुही आत्या आली नव्हती तवाचा. एक डाव तो वायरमन आला, पंखा पाह्याले. मी लुगडं नेसून राहिली होती. तो आपला सरळ अंदर. आता मी काय ओरडू? मी माह्या हातातला ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला अन् म्हटलं, बाप्पा, आता जाय असाच बाहेर. गेला तो आंधळ्यावानी, भिताडाले धडकत.” ती खदखदून हसली. “दुसऱ्या रोजी समद्या बायांनी आपापल्या दारावर टॉवेल टाकले. अन् नाश्त्याले कोनी गेलंच नाही. पोहे थंडे झाले. मॅनेजर हर एका दारावर, ‘आजी, काय झालं, आजी, काय झालं?’ आम्ही अंदरून निस्तं ‘हाव, हाव’. दुपारपावतर. मंग आला तो हात जोडून.”

“कडी नाही मागितली?”

“कडी कायले? मले मराचं नाही ना अंदर पडून. आवाज देजा, अन् थांबजा. एवढंच म्हटलं.”

मी थक्क झाले. पत्रक नाही, घोषणा नाही, निवेदन नाही. मी लहानपणापासून संप पाहिले होते, त्यात झोपलेही होते बाबांच्या मांडीवर. असा संप पाहिला नव्हता.

आत्या निघाली ती मात्र घरी. “पाहून झालं,” एवढंच बोलली. एसटीत मी विचारलं, “आवडलं नाही ना?”

“घरी टॉवेल हाय ना,” ती म्हणाली. “घरी जमलं तं कायले जाऊ?”

त्या रात्रीच्या जेवणात तिने आम्हाला नियम सांगितला. दारावर टॉवेल, बाहेरून आवाज, आतून ‘हाव’, मग थांबायचं. वडिलांना तो फारच आवडला. व्यक्तीच्या खाजगीपणावर ते पोळ्या थंड होईपर्यंत बोलले. आईने टॉवेलही वेगळा काढून दिला, निळा. काही दिवस सुरळीत गेले. एकदा आई तो धुवायला टाकू लागली, तिची तिलाच आठवण झाली, परत नेऊन अडकवला.

मग एका रविवारी मुलींच्या वसतिगृहाच्या प्रश्नावर आमच्याकडे बैठक होती. पत्रकं घडी घालायची होती. कार्यकर्ते दिवाणावर, खाली, दारात, सगळीकडे. आत्या उठली, काठी घेतली, आणि आत गेली. बाथरूमच्या दारावर निळा टॉवेल पडला. अर्धा तास गेला असेल. वडिलांना स्टेपलर सापडेना. ते दारापाशी गेले. मी पाहत होते.

“ताई, स्टेपलर कुठी ठेवला?”

“हाव,” आतून आवाज आला.

वडिलांनी दार उघडलं. आत आत्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. नीटनेटकी, साडी नेसलेली, केस विंचरलेले. नळ बंद. हात मांडीवर. ती नुसती बसली होती.

“आवं, काहीच तं करून नाही राहिली तू!” वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच सुटका होती. आपण काही चुकीचं पाहिलं नाही याची. “मले वाटलं, आंघोळ चालू हाय.”

स्टेपलर कपाटावर असल्याचं आत्याने बोटाने दाखवलं. मग ती उठली, दारावरचा टॉवेल काढला, चौघडी घातली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवला. बैठकीतल्या एकालाही काही कळलं नाही. मला कळलं आणि माझ्या हातातल्या पत्रकांची घडी वाकडी व्हायला लागली.

भांडण संध्याकाळी झालं, आत्याने अकोल्याला जाते म्हटल्यावर. वडील रडवेले होते. “ताई, चूक झाली. कडी लावून देतो. उद्याच लावतो.”

“मले कडी नको.”

“मंग काय पाह्यजे? लोक काय म्हनतीन? जन्मभर बायाच्या हक्कावर भाषनं ठोकली अन् बहीन ठेवली आश्रमात?”

“तू नाही ठेवून राहिला. मी जाऊन राहिली.”

“तिथं कोन हाय तुह्यं?”

“कोनी नाही. म्हनूनच दाराबाहेर थांबतात.” मग ती भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तुह्या घरात मले कोनी उपाशी नाही ठेवलं, लेकरा. पन तुमाले वाटते, मानूस काही करत नसला का तो रिकामा हाय.”

मी मध्ये पडले. फाटकावरची चिठ्ठी, टीव्ही, त्या बायांच्या सासवा, सगळं काढलं. ती शांतपणे ऐकत राहिली. “हे सारं खरं हाय,” म्हणाली. “यातलं काहीच खोटं नाही. मी तिथं राहून भांडीन त्याच्यासाठी. तू इथून भांड.”

ती गेली. फाटकावरच्या चिठ्ठीचं भांडण तिने आणि पातूरच्या बाईने सुरू केलं आहे, अजून निकाल नाही. भाजीला ठेचा सोबत मिळायला लागला आहे. मी अजूनही त्या जागेच्या बाजूची झालेले नाही. पेन्शन नसलेल्या बाईने, उमेदीत कापूस वेचला आणि म्हातारपणी पडवीत खाट मिळाली अशा बाईने, नुसतं बसायला कुठे जायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि त्या नम्र मॅनेजरकडेही नाही. ते पत्रक मी लिहिणार आहे. अजून लिहून झालेलं नाही.

गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले. दारावर निळा टॉवेल होता. मी हाक मारली.

“हाव,” आतून आवाज आला.

पातूरची बाई बाकावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने सरकून जागा केली, शेंगांचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. मी दहा शेंगा सोलल्या, उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मला बसवत नव्हतं. खूप बोलायचं होतं आत्याशी, वडील घरात किती गप्प असतात तेही सांगायचं होतं.

“बस नं वं,” ती म्हणाली. “कायची घाई लागली तुले?”

“काय करतेय ती आत?”

“मले काय मालूम,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली.

मी बसले.