टपरू हत्तीचा आवाज

चंद्रपुरात मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून फिरणारा एकच माणूस मी पाहिला. सगळे त्यांना आवाजभाऊ म्हणत. मफलर घामानं ओला व्हायचा, पण काढायचा नाही. कोणी कारण विचारलं की ते गळ्याला बोट लावून गंभीरपणे सांगत, "हा माझा गळा नाही, महाराष्ट्रातल्या मुलांचा आहे." हे वाक्य मला कधीच सहन झालं नाही. मित्रांत नक्कल करता यावी म्हणून मी ते पाठ मात्र करून ठेवलं होतं.

आम्ही एकाच गावचे, एकाच वर्गातले. त्यांच्या घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा. त्यांना पाण्यात उतरायचा कंटाळा आणि आरशासमोर उभं राहायची हौस, म्हणून ते आमच्याकडच्या गावोगाव होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात घुसले. तिथं कळलं की या नटाला दोन ओळीही पाठ होत नाहीत. मग मंडळीनं त्यांना पडद्यामागे बसवलं. बाळाचं रडणं, कोल्हेकुई, मेलेल्या बापाची हाक, एवढंच त्यांचं काम. ते मात्र हे काम असं करत की पुढे बसलेल्या बाया दचकून आपापलं लेकरू चाचपून बघत. एवढं श्रेय मी त्यांना देतो. पुढे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंत्राटावर कामाला असताना एका साहेबांच्या ओळखीनं ते मुंबईला डबिंगच्या स्टुडिओत पोचले आणि परदेशी कार्टूनमधल्या टपरू नावाच्या हत्तीच्या पिल्लाचा मराठी आवाज झाले.

त्यानंतर दिवाळीला, उन्हाळ्यात गावी येणारा माणूस वेगळाच होता. कोणी 'पानी' म्हटलं की ते 'पाणी' म्हणून दुरुस्त करत. 'मले' ऐकलं की डोळे मिटत, जणू दात दुखतो आहे. एकदा तर पाहुण्यांसमोर स्वतःच्या आईलाच शब्द नीट उच्चारायला सांगितलं. म्हातारी सूप पाखडत होती. तिनं हात थांबवला आणि विचारलं, "तुले बोलाले कोनं शिकवलं, ते सांग पह्यले." आवाजभाऊ उठून अंगणात गेले. ही गोष्ट मी पुढे वर्षभर चवीनं सांगत होतो.

एका सुट्टीत मी ते कार्टून सलग पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. त्या जंगलातला ससा, हरीण, माकड, सगळे पुस्तकातलं मराठी बोलत. एकटा टपरू 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणायचा, आणि तोच सगळ्यांत मठ्ठ. तो चुकीचं उत्तर द्यायचा आणि बाकीचे प्राणी हसून लोळायचे. आईचं बोलणं दुरुस्त करणारा हा गृहस्थ मुंबईत त्याच बोलण्याचं हसं करून पोट भरत होता. मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, व्यावसायिक बाब आहे, मास्तर, तुम्हाला नाही कळायची.

मी तेव्हा गडचिरोलीजवळच्या एका शाळेत होतो. आवाजभाऊंनी स्वतःच सुचवलं की शाळेनं त्यांचा सत्कार करावा. आम्ही शाल-नारळ आणला. ते टपरूच्या आवाजात बोलू लागताच पोरं बाकांवरून घसरायला आली. पाचवीतली वनिता तेवढी हसत नव्हती. नंतर चहा पिताना मी त्यांना ती दाखवली. ती दूरच्या पाड्यावरून यायची आणि घरी बोलतात तसंच वर्गात बोलायची. कार्टून सुरू झाल्यापासून तिनं 'मले' म्हटलं की पोरं 'टपरू, टपरू' ओरडत. मग ती बोलेनाशीच झाली. तहान लागली तरी पाणी मागत नसे, घरी जाईपर्यंत तशीच बसून राही.

हे सगळं मी मुद्दाम, त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. आवाजभाऊंनी कप खाली ठेवला. "तिनं कईपासून पानी नाई मांगितलं?" त्यांनी विचारलं. कितीतरी वर्षांनी मी त्यांच्या तोंडून असं बोलणं ऐकत होतो. मग ते तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. मला वाटलं, आणखी एक प्रयोग. त्याच आठवड्यात वनितानं वर्गात पाणी मागितलं. त्याचं श्रेय मी माझ्या शिकवण्याला दिलं.

दोनेक महिन्यांनी आवाजभाऊ बाडबिस्तरा घेऊन कायमचे परतले. आवाज बसला, असं सांगत होते. आणि थोड्याच दिवसांत गडचिरोलीत ऑटोवर भोंगा लावून साड्यांच्या सेलची, पोलिओच्या डोसाची जाहिरात करत फिरू लागले. खणखणीत आवाजात, आणि चक्क आमच्या बोलीत. मला आयतंच सापडलं. भेटले की मी विचारायचो, "काय आवाजभाऊ, हत्ती आता साड्या विकून राह्यला काय?" ते हसत. पुढच्या वेळी मी पुन्हा तेच विचारायचो. शिक्षकांच्या खोलीत तर माझा ठरलेला विनोद होता, की स्टुडिओनं हाकललं आणि बिचारा दोष गळ्यावर ढकलतो आहे. तीन-चार वर्षं मी हे इमानेइतबारे केलं.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनी दाराशी बसल्या होत्या. बोलता बोलता मी म्हणालो, आवाज बसला नसता तर मुंबईतच नाव काढलं असतं.

"आवाज कईच नोहता बसला," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या शाळेतून परत गेल्यावर नव्या भागांचं काम निघालं होतं. आवाजभाऊ स्टुडिओतल्या साहेबांना म्हणाले, टपरूला एकदा तरी बरोबर उत्तर देऊ द्या, नाहीतर सशाला आणि हरणालाही त्याच्यासारखंच बोलू द्या. साहेब हसले. म्हणाले, मग विनोद कशाचा. आवाजभाऊंनी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि बाहेर आले. संध्याकाळपर्यंत त्या जागी दुसरा माणूस बसला होता. त्यानंतर कुठल्याच स्टुडिओनं बोलावलं नाही.

मी विचारलं, हे त्यांनी मला कधी का सांगितलं नाही.

"तुमाले मालूम नोहतं?" वहिनी म्हणाल्या. "ते तं नेहमी म्हनत, मास्तरले सारं मालूम हाय, म्हनूनच तो माही मस्करी करते. दुसरा कोनी इतक्या हक्कानं करन काय?"

वहिनी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"मालूम होतं, वैनी," मी म्हणालो.