टाळ्या वाजवणारी आजी

तिला सगळे सिस्टर म्हणत. ऑफिसात साहेब म्हणे, खालचा वॉचमन म्हणे, आणि भांडण झालं की नवराही म्हणे. खरं तर हॉस्पिटल सोडून तिला कैक वर्षं झाली होती. पण काही माणसांना त्यांचा धंदा असा चिकटतो की खरवडून निघत नाही.

हॉस्पिटल सोडल्यावर ती केअरटेकर बायकांना शिकवायला लागली. एका इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली, खोलीत एक लोखंडी पलंग, एक रबरी बाहुला, आणि भिंतीला टेकून बसलेल्या वीसेक बायका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भरवायचं कसं, अंग कसं पुसायचं, कूस कशी बदलायची, हे ती तिथे शिकवी. त्या वर्गात कुणाची डुलकी काढायची टाप नव्हती, कारण सिस्टरचा नियम होता: जांभई देईल ती पेशंट. जांभई आली की बाई पलंगावर, आणि बाकीच्या तिला आळीपाळीने या कुशीवरून त्या कुशीवर करणार. दुसरी जांभई कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. शिकणाऱ्यांना गुंतवून कसं ठेवायचं यावर पुढे सिस्टरने बड्या बड्या लोकांची भाषणं ऐकली, पण याच्या तोडीचा उपाय एकानेही सांगितला नाही.

मग खोली गेली, पलंग भंगारात गेला आणि अख्खा कोर्स फोनमध्ये गेला. सिस्टरही फोनमध्ये गेली, म्हणजे तिचे व्हिडिओ गेले. साहेब वयाने तिच्याहून बराच लहान, बोलायला गोड. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आकडे तेवढे दिसत, त्यामागची माणसं जरा धूसर दिसत. एक दिवस त्याने तिला आपल्या स्क्रीनसमोर बसवलं आणि एका रेषेवर बोट ठेवलं. रेषा बरी चालली होती, आणि मध्येच धपकन खाली आली होती.

"सिस्टर, इथे लोक पळतात. तुमचा तो कूस बदलण्याचा धडा. बारा मिनिटांचा व्हिडिओ, आणि सहाव्या मिनिटाला निम्म्या बायका गायब. काय होतं सहाव्या मिनिटाला?"

"मी पेशंटच्या कमरेखाली हात घालते."

"बोअर आहे का ते?"

"जड आहे," सिस्टर म्हणाली.

साहेबाने समजुतीने मान हलवली आणि सांगितलं की वर्षाअखेर कोर्स पुरा करणाऱ्यांचा आकडा चढला नाही, तर कोर्सच बंद होईल. वर बसलेली मंडळी फार कडक आहेत. वर कोण बसलं होतं हे सिस्टरला कधीच कळलं नाही, पण त्यांचा धाक तिला पुरेसा होता.

ती दोन दिवस फुरंगटून बसली. पण हाती घेतलेलं काम अर्धवट करणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला. तिने बारा मिनिटांचा व्हिडिओ काढून टाकला आणि त्या जागी एक कार्टून आजी आणली. गुबगुबीत गालांची, चष्मेवाली, निळ्या पलंगावर पडलेली. खाली बटण: 'कूस बदला'. बटण दाबलं की आजी टुणकन दुसऱ्या कुशीवर होई, टाळ्या वाजवी आणि म्हणे, "शाब्बास!" आवाज सिस्टरचाच. चाळीस सेकंदांत धडा संपला, सोनेरी बिल्ला मिळाला, चला पुढे. पी हळद आणि हो गोरी.

आजी कानामागून आली आणि तिखट झाली. बायका तिच्यासाठी कोर्स उघडू लागल्या, मुलाबाळांना दाखवू लागल्या. रेषा त्या धड्यावरून अशी पुढे गेली की जणू तिथे कधी खड्डाच नव्हता. सिस्टरला काचेची एक ढाल मिळाली. तिच्यावर सिस्टरचं नवं पद कोरलं होतं, ते तिला स्वतःला एका दमात वाचता येत नसे. मनात कुठेतरी टोचत होतं, नाही असं नाही. पण तिने मनाला समजावलं, "बाकीचं त्या कामावर शिकतील." धडा गाळणारे सगळेच शिक्षक असं म्हणतात. कुणाच्या अंगावर शिकतील, हे विचारायची मात्र पद्धत नाही.

आणि अशात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या.

सासूबाईंची सगळी हयात टेलिफोनच्या कचेरीत सुपरवायझर म्हणून गेली होती. शंभर मुलींना नुसत्या आवाजावर ताळ्यावर ठेवलेली बाई. त्यांच्या कमरेच्या हाडाला चीर गेली. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, ऑपरेशन नको, हाड आपोआप जुळेल, पण तोवर पलंग सोडायचा नाही. आणि सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाले, "हाडाची मला काळजी नाही. पाठ सांभाळा. वय आहे, साखर आहे, पाठीला जखम झाली तर ती भरणार नाही. तुम्हाला मी काय सांगायचं?"

खरंच सांगायची गरज नव्हती. हाड जुळलं आणि पाठीने नेलं, अशी माणसं सिस्टरने वॉर्डात आपल्या हातांनी झाकली होती. उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलायची. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री गजर लावून ती स्वतः करी. गुडघ्यांमध्ये उशी, एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, आणि अख्खं अंग एका दमात. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. सासूबाई घर डोक्यावर घेत. "मारलंस गं! सून नाहीस, हमाल आहेस!" सिस्टर म्हणे, "सहन करा आई, झालंच." आणि करून मोकळी होई.

दिवसा कोण करणार? ब्युरोने एक बाई पाठवली. पन्नाशीच्या आतबाहेरची, सडसडीत. शर्टांना बटणं लावायच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली. कारखाना बंद पडला म्हणून या कामात आलेली. तिला सगळे ताई म्हणू लागले. पहिल्या दिवशी सिस्टरने तोंड उघडलं मात्र, ताईंनी टाळी वाजवली.

"अगंबाई! मॅडम, तुम्ही तर आमच्या आजी! शाब्बास म्हणता ना, तो आवाज तुमचाच. मी तो धडा सात वेळा केला हो. आमच्या कारखान्यात उभ्या जन्मात मला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं."

आणि फोनमधला सोनेरी बिल्ला दाखवला. आता एरवी सिस्टर म्हणजे घरी येणाऱ्या नर्सला थर्मामीटर झटकून दाखवायला लावणारी बाई. पण त्या सकाळी ती हरभऱ्याच्या झाडावर इतकी उंच चढली होती की खाली उतरून परीक्षा घेणं तिला सुचलंच नाही. आपलाच कोर्स, आपलाच बिल्ला. ती पर्स उचलून ऑफिसला गेली.

आठवडाभरात घरात ताईंचा जयजयकार सुरू झाला.

"फार गुणाची बाई," सासूबाई मुलाला ऐकवीत, सिस्टर स्वयंपाकघरात असेल अशा बेताने. "दिवसभर हिचा त्रास म्हणून नाही. हात किती हलका! नाहीतर काही माणसं, बाबा, पाठीला हात लावतात की धोपटतात कळत नाही."

सिस्टरला ते लागे. इतकी वर्षं सासूचं केलं, आणि हलका हात कुणाचा, तर बटणं लावणाऱ्या बाईचा.  मत्सराला तिने 'चला, माणूस चांगलं मिळालं' असं नाव दिलं होतं.

आणि एका संध्याकाळी पाठ पुसताना तिला माकडहाडावर डाग दिसला. रुपयाएवढा, लालसर. कातडी फुटलेली नव्हती. तिने त्यावर बोट दाबलं आणि उचललं. रक्त नीट खेळत असेल तर दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडते. ही पडली नाही. लाल ती लालच राहिली. 

"ताई!" तिने हाक मारली. ताई पिशवी भरून निघायच्या बेतात होत्या. "दुपारी यांची कूस बदलता ना?"

"म्हणजे काय! वेळच्या वेळी, मॅडम. फोन वाजतो की." ताईंनी फोन पुढे केला. दर दोन तासांची हिरवी खूण, एकही चुकलेली नाही.

"मला करून दाखवा."

ताई पलंगाशी उभ्या राहिल्या. पदर खोचला. सासूबाईंकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, वळा."

सासूबाईंनी मान भिंतीकडे वळवली. खांदा नाही, कंबर नाही, फक्त मान. ताईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणाल्या, "शाब्बास!" आणि फोनवर हिरवी खूण केली.

 सिस्टरला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"अहो ताई, हात नाही लावायचा? उचलायचं नाही?"

ताई गोंधळल्या. "मॅडम, कोर्समध्ये आजी आपली आपणच वळते की. हात लावायचा असतो होय?" आणि घाबरून म्हणाल्या, "माझं काही चुकलं का?"

त्यांना काय बोलणार? आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार. सिस्टरचा सगळा राग सासूबाईंवर वळला.

"आई, तुम्हाला तर कळत होतं! रात्री मी कशी वळवते ते रोज बघता. तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलायचं?" सासूबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "ती म्हणते वळा, मी मान वळवते. ती खूश, मी खूश. दुखत नाही, खुपत नाही. तू येईपर्यंत दिवस बरा जातो माझा."

हे असं कुणीतरी आपल्याला आधीही सांगितलं आहे, असं सिस्टरला वाटलं. मग लक्षात आलं, कुणी सांगितलं नव्हतं, कार्टून आजी आल्यावर साहेबाच्या स्क्रीनवर पुढे सरकलेल्या रेषेत तिने ते वाचलं होतं आणि त्यावर ढाल घेतली होती. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

त्या संध्याकाळी ताई उशिरा घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर ऑफिसला गेली नाही. तिने ताईंचे दोन्ही हात धरून जिथल्या तिथे ठेवले. खांद्यामागे इथे, कमरेखाली इथे, आणखी आत, आणखी. "वजन येतंय?" "येतंय हो मॅडम, फार येतंय." "मग बरोबर आहे." सासूबाई किंचाळल्या, शिव्या घातल्या, मुलाला फोन लावायची धमकी दिली. ताई दोनदा रडल्या आणि एकदा हात सोडून मागे सरकल्या. सिस्टरने त्यांना शाब्बास म्हटलं नाही. पुन्हा करायला लावलं.

पुढच्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने कुणालाही न विचारता बारा मिनिटांचा व्हिडिओ परत लावला. तो पूर्ण बघितल्याशिवाय आजी भेटणार नाही. आणि आजी भेटली तरी बिल्ला नाही. घरातल्या कुणालातरी पलंगावर निजवून कूस बदलायची आणि हात दिसतील असा व्हिडिओ पाठवायचा, मग बिल्ला. एका बाईने नवऱ्याचा पाठवला. नवरा घोरत होता. या कुशीवरून त्या कुशीवर गेला तरी घोरतच होता. सिस्टरने तिला पैकीच्या पैकी दिले. बाकी बऱ्याच बायकांनी काहीच पाठवलं नाही.

साहेबाने तिला पुन्हा बोलावलं. रेषा पुन्हा धपकन खाली.

"सिस्टर, निम्म्या पळाल्या."

"पळू देत. न पळता कुणाच्यातरी घरी गेल्या असत्या."

"मी वर काय सांगू?"

"सांगा, सिस्टर ऐकत नाही. ढाल परत हवी असेल तर उद्या घेऊन येते. व्हिडिओ निघणार नाही."

साहेबाने स्क्रीनवरची रेषा बंद केली. मग "महिनाभर बघू," म्हणाला. सिस्टरने डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य पुष्कळदा ऐकलं होतं. त्यात पेशंट जगेल असं काही नसतं. कोर्स राहील की जाईल, ती स्वतः राहील की जाईल, काही कळायला मार्ग नव्हता. पण त्याहून मोठी धास्ती घरी पलंगावर होती. रोज संध्याकाळी ती आधी तो डाग बघे, मग चपला काढी.

चार-पाच दिवस डागाने ताकास तूर लागू दिली नाही. मग एका संध्याकाळी तिने बोट दाबलं, उचललं, आणि बोटाखालची जागा पांढरी झाली. हळूहळू परत गुलाबी झाली. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरी. तिने पलंगाच्या कडेला बसून घेतलं.

"झालं का दाबून?" सासूबाई तोंड उशीत ठेवून कुरकुरल्या. "आणि हे बघ, ही बाई बदल."

"का हो आई? गुणाची आहे ना?"

"होती! आता काय झालंय तिला कोण जाणे. तास-दोन तास झाले नाहीत तोच येते, कमरेखाली हात खुपसते आणि अख्खी उलटी करते. ओरडले तरी सोडत नाही. वर म्हणते, सहन करा आजी, झालंच." त्यांचा आवाज चढला. "चांगली बाई होती गं. अगदी तुझ्यासारखी निघाली."

ताई दारात चपला घालत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काम गेलं, असं त्यांना वाटलं असणार. सिस्टर पाठ पुसायची थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"ताई," ती म्हणाली, "उद्या वेळेवर या."